मदत हवी आहे: ठरवलेल्या सिझरच्या आधी आणि नंतर खाण्यापिण्याचं काय?

नमस्कार. मला अडतिसावा आठवडा चालू आहे. पहिलं सिझर असल्यामुळे डॉक्टरांनी दुसरंही ठरवूनच घेतलंय, येत्या गुरुवारी सकाळी 10 ला. बाळाची तब्येत छान आहे, मला शुगर-बीपी काही नाही. प्रश्न फक्त खाण्याचा आहे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "बुधवारी रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही." भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या तेव्हा म्हणाल्या, हलकं खाणं 6 तास आधीपर्यंत चालतं आणि साधं पाणी 2 तास आधीपर्यंत. म्हणजे पाणी सकाळी 8 पर्यंत! आता कुणाचं ऐकू? आणि दुधाचा चहा पाण्यात धरायचा की खाण्यात, हे विचारायचं राहूनच गेलं.

पहिल्या वेळी दुसऱ्या गावी, दुसऱ्या दवाखान्यात होते. अचानक सिझर करावं लागलं आणि नंतर "गॅस पास होऊ दे, मग बघू" म्हणत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंडात काही घालू दिलं नाही. सलाईन चालू होतं, पण घशाला कोरड ती कोरडच. आई कापसाचा बोळा पाण्यात बुडवून ओठांवरून फिरवायची, आणि मी तो बोळा दातांत धरून चोखायचे. बाळाला पाजायला घेतलं की तहान आणखी वाढायची. ती रात्र मला पुन्हा नकोय.

उलट तिसऱ्या दिवशी डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, वर तुपाची धार, सगळं एकदमच सुरू झालं. पोट टम्म फुगलं, चार दिवस साफ झालं नाही, आणि कुंथायला गेलं की टाके ओढले जायचे. आत्तासुद्धा आईने लाडवांचा डबा भरून आणलाय. तिला दुखवायचं नाहीये. तिने खारका स्वतः कुटल्या आहेत, गुडघे दुखत असताना.

ज्यांचं ठरवून सिझर झालंय किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. भूलतज्ज्ञ मॅडमनी सांगितलंय तोच आजचा नियम आहे. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली तरी क्वचित पूर्ण भूल द्यायची वेळ येते. गरोदरपणात जठराच्या तोंडाची झडप सैल झालेली असते, म्हणून पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायचा धोका असतो. साधं पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं, अन्न आणि दूध रेंगाळतं. म्हणून दुधाचा चहा खाण्यात धरा, 6 तास आधी बंद. कोरा चहा पाण्यासारखाच. तळलेलं, तुपकट असेल तर 8 तास धरा, त्यामुळे बुधवारी रात्री पोळी-भाजी किंवा खिचडी बरी.

सिस्टर सरसकट रात्रीपासून उपाशी ठेवतात, कारण कधी कधी यादी बदलते आणि 10 चं ऑपरेशन 8 ला होतं. त्यामुळे स्वतःच्या मनाने पाणी पिऊ नका. मॅडमना सांगून पाण्याची वेळ फाइलवर लिहून घ्या, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरशी वाद होणार नाही.

नंतरचं म्हणाल तर गॅसची वाट बघत बसायची गरज नसते. मळमळ नसेल तर पहिल्या एक-दोन तासांतच घोट घोट पाणी देतात, आणि सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी मऊ भात-वरण. हेही डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. साधं च्युइंग गम चघळल्यानेही आतडी लवकर चालू लागतात. पाणी मात्र भरपूर प्या, "बाळंतिणीने पाणी कमी प्यावं" हे ऐकू नका. पोट साफ व्हायला लागलं की लाडू सुरू करा, तोही आधी अर्धाच.

धागालेखिका

मनापासून आभार ताई. आज फोन केला होता. मॅडम म्हणाल्या, बुधवारी भरती झाल्यावर फाइलवर "पाणी सकाळी 8 पर्यंत" लिहून देते. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प बसली, मग विचारलं, "मऊ भातावर मेतकूट चालेल का?" चालेल ना?