चवथीनंतर आंबोली, पण आधी गाडीतले दिवे (पर्वरीच्या सोसायटी ग्रुपवरून)

बी-२०४: नमस्कार मंडळी. चवथ झाली की आमची ट्रॅव्हलर आंबोलीला न्यायचा बेत आहे. आत दहा-दहा वॅटचे सहा हॅलोजन आहेत. दोन रात्री मुक्काम केला की बॅटरी बसते. इन्व्हर्टर टाकून घरचेच एलईडी बल्ब लावले तर?

सी-१०१ काका: दिव्यांसाठी इन्व्हर्टर नको रे. १२ व्होल्टचे २३० करायचे, मग बल्बच्या आत ते परत उतरवायचे, यात वीज फुकट जाते. दिवे बंद असले तरी इन्व्हर्टर थोडी खातच राहतो. थेट १२ व्होल्टचे एलईडी घे.
हिशोब बघ. सहा हॅलोजन म्हणजे ६० वॅट, म्हणजे ५ अँपिअर. चार तासांत २० एएच (अँपिअर-तास) गेले. तुझी लेड-ॲसिड बॅटरी १०० एएचची असली तरी ती निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हातात ५०च. दोन-दोन वॅटचे एलईडी तेवढ्याच वेळात ४ एएच घेतील.

ए-३०३: काका, माझ्या भावाने एलईडी पट्टी लावलेली. मे महिन्यात छतावरून सुटून लोंबत होती, आणि मधले मधले तुकडे विझले.

सी-१०१ काका: वहिनी, सुटली ती उन्हाने. बंद गाडीत छत इतकं तापतं की मागचा गोंद धरत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने मारायची आणि एलईडी तिच्यात बसवायची, म्हणजे उष्णताही निघून जाते.
विझली त्याचं कारण बहुतेक वेगळं. पट्टीच्या एका तुकड्यात तीन एलईडी आणि करंट आवरणारा एक रेझिस्टर असतो. एलईडी मिळून साधारण ९.६ व्होल्ट घेतात, उरलेले २.४ रेझिस्टरवर. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४.४ पर्यंत देतो. मग रेझिस्टरवर ४.८ येतात, म्हणजे करंट जवळजवळ दुप्पट! घरी अडॅप्टरवर तीच पट्टी छान चालते, कारण तिथे १२ म्हणजे १२च. म्हणून दिव्यावर '१० ते ३० व्होल्ट' लिहिलेलं बघूनच घ्यायचं.

बी-२०४: बरं. कूल व्हाइट घेऊ ना? उजेड जास्त पडेल.

सी-१०१ काका: एवढ्याशा जागेत तो डोळ्यांत घुसतो. पावसाळ्यात आंबोलीला पांढऱ्या उजेडावर किडेही जास्त येतात. ३०००के (केल्विन) वॉर्म, म्हणजे पिवळसर उजेडाचा घे. फक्त शेगडीवरचा दिवा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वरचा हवा, फोडणी करपतेय की लाल झालीय ते कळायला पाहिजे.

बी-२०४ (सौ.): काका, सासूबाई रात्री उठतात. मोठा दिवा लावला की मुलं जागी होतात.

सी-१०१ काका: पायरीजवळ, गुडघ्याच्या खाली एक अर्ध्या वॅटचा पिवळा दिवा लावा. झोपण्याच्या जागी प्रत्येकाला वेगळा वाचायचा दिवा, त्याच्यावरच स्विच. मग छतावर सहाच्या जागी दोन पुरतात. बहुतेक लोक नेमकं उलट करतात, वर झगमगाट आणि पुस्तकावर अंधार.

बी-२०४: वायर जुनीच ठेवू?

सी-१०१ काका: टोक सोलून बघ. आतलं तांबं हिरवं-काळं पडलं असेल तर काढून टाक. मी मालिमला ट्रॉलरांच्या वायरिंगवर काम केलंय, खारी हवा इन्सुलेशनच्या आत शिरून तांबं खाते. कथिलाचा मुलामा दिलेली मल्टिस्ट्रँड वायर घे, दिव्यांना ०.७५ चौरस मिमीची पुरे. जोड पिळून वर टेप गुंडाळू नकोस. क्रिंप करून, म्हणजे धातूच्या टोपणात दाबून, वर हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढव.
आणि फ्यूज! ५ अँपिअरचा, बॅटरीच्या प्लसजवळच, दिव्यापाशी नव्हे. वाटेत वायर घासून बॉडीला टेकली तर आग तिथूनच लागते. लाकडी पॅनेल, फोमच्या गाद्या, आत झोपलेली मुलं... फ्यूजशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, बाळा.

बी-२०४: नाही काढत काका. दिवे इंजिनच्याच बॅटरीवर आहेत, ते चालेल?

सी-१०१ काका: ते आधी सोडव. दिव्यांना वेगळी बॅटरी, मध्ये आयसोलेटर, म्हणजे दिव्यांनी इंजिनची बॅटरी उतरणार नाही. नाहीतर घाटात सकाळी स्टार्टर नुसता कटकट करेल. रविवारी गाडी गेटपाशी लाव, मी मल्टिमीटर घेऊन येतो. सामान त्याआधी आणू नकोस, वायर बघूनच यादी देतो.