जुन्या इंग्रजी बातम्यांतील ‘इन्स्टंट’चा अर्थ

प्रश्न: एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वृत्तपत्रांत ‘ऑन द ट्वेल्फ्थ इन्स्टंट’ असे वारंवार आढळते. येथे ‘तात्काळ’ हा अर्थ मुळीच जुळत नाही. मग तारीख कशी लावावी?

उत्तर १: ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, त्यामुळे आपल्या वाक्याचा अर्थ ‘या महिन्याच्या १२ तारखेस’ असा होतो. मागील महिन्यासाठी ‘अल्टिमो’ आणि पुढील महिन्यासाठी ‘प्रॉक्सिमो’ लिहीत, आणि जागा वाचवण्यासाठी या शब्दांची ‘इन्स्ट.’, ‘अल्ट.’, ‘प्रॉक्स.’ अशी रूपे छापत. आपल्या जुन्या दप्तरांतील ‘साल मजकूर’ (चालू साल) आणि ‘साल गुदस्त’ (मागील साल) यांची जातकुळी हीच, फक्त तेथे हिशेब सालाचा असे.

उत्तर २: वरील खुलासा बरोबर आहे, पण एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. तारायंत्र येण्यापूर्वी लंडनच्या बातम्या मुंबईस जहाजाने येत आणि येथील पत्रे त्या बहुधा जशाच्या तशा उतरवून घेत. त्यामुळे ऑगस्टच्या अंकात छापलेल्या, पण ‘लंडन, २० जून’ असा मथळा असलेल्या मजकुरातील ‘१२ इन्स्टंट’ म्हणजे १२ जून. अंकाचा महिना धरल्यास घटना दोन महिने पुढे सरकते. वंशावळी जुळवणारे नेमके येथेच फसतात, म्हणून अंकाच्या तारखेआधी मजकुराचा मथळा पाहावा.

उत्तर ३: व्यापारी आणि सरकारी पत्रव्यवहारात हा प्रयोग विसाव्या शतकातही बराच काळ टिकला. तेथे मात्र महिना पत्राच्याच तारखेवरून धरावा.