पाच हजारांची रेसिंग आर.सी. कार: आपणच घडवायची का?

टूलरूमवाला, वाळूज

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज मांडतो. पटलं नाही तर मोकळेपणाने खोडून काढा.

आम्ही सहा-सात जण सुट्टीच्या सकाळी मार्केट यार्डाच्या लिलाव शेडमध्ये रिमोटच्या गाड्या पळवतो. वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा. झाडू मारायचा, खडूने ट्रॅक आखायचा, वळणांवर बारदानाच्या वळकट्या ठेवायच्या, की झालं. गेल्या उन्हाळ्यात नववीतला एक मुलगा येऊ लागला. वडिलांनी हौसेने १/१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची, तयार कार घेऊन दिली होती. तिसऱ्याच खेपेला ती शेडच्या खांबावर गेली आणि पुढचा सस्पेन्शन आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, तुटला. करंगळीएवढा प्लास्टिकचा तुकडा. तो यायला सतरा दिवस लागले आणि आला तो दुसऱ्याच बाजूचा. मुलगा पुन्हा ट्रॅकवर दिसला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे हा छंद टिकवायचा तर सकाळी मोडलेली गाडी दुपारपर्यंत गावातल्याच मालातून उभी राहिली पाहिजे. परदेशी किटवर तसं जमत नाही. खेळण्यांची आयात ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०, आणि रिमोटच्या गाड्या त्याच खात्यात पडतात. एक आर्म मागवायचा तरी जीवावर येतं.

मी सुचवतोय ती पॅन कार. १/१२ मापात ही पद्धत १९७० च्या दशकापासून चालत आली आहे. एक सपाट पाटा, मागे एकच ॲक्सल, मोटरचा पिनियन (छोटा गिअर) थेट त्यावरच्या मोठ्या गिअरला. मागच्या चाकांना वेगळं सस्पेन्शन नाही, टी आकाराची एक पट्टी लवते आणि तीच स्प्रिंगचं काम करते. पाटा ३ मिमी ग्लास इपॉक्सीचा (काचतंतू आणि इपॉक्सीची शीट). कंट्रोल पॅनल बनवणाऱ्यांकडे त्याचे तुकडे भंगारात पडलेले असतात. हायलम घेऊ नका, ती वाकवली की तडकते. टी-पट्टीला पीसीबीची १.६ मिमी शीट. मोटर साधी ५४० मापाची, ब्रश्ड म्हणजे कार्बन ब्रशवाली. टायर चपलेच्या रबर शीटचे, गोल कापून ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरने घासलेले. रेडिओ (हातातला रिमोट आणि गाडीतला रिसीव्हर) सोडून सगळं पाच हजारांच्या आत बसवायचं.

आणि दोन नियम. मोटरी आपल्या छंद मंडळाच्या, रेसच्या सकाळी चिठ्ठी काढून वाटायच्या. दुसरा, रेस संपल्यावर कुणालाही कुणाचीही गाडी सहा हजारांत विकत मागता यावी आणि मालकाने ती द्यावी. मग कुणी पंधरा हजार ओतणार नाही.

गोदाकाठचा, नांदेड

दादा, तळमळ कळते, पण मी पूर्ण विरोधात आहे. आम्ही आठ वर्षं झाली गाड्या पळवायलोत, म्हणून बोलतो.

रेडिओ सोडून हिशोब मांडणं बरोबर नाही. नवीन माणसाला रेडिओ घ्यावाच लागतो आणि तो निम्मं बजेट खातो. वर तुमच्याकडे टूलरूम आहे, लेथ आहे, हात बसलेला आहे. कंधार-मुखेडच्या पोराने ग्लास इपॉक्सी कुठून कापायची?

दुसरं, पॅन कार म्हणजे कार्पेटवरची किंवा गुळगुळीत डांबरावरची गाडी. जमिनीपासून चार-पाच मिलिमीटर उंची. तुमच्या कोब्याला सांधे असतील, ज्वारीचे दाणे पडलेले असतील. एक दाणा खाली आला की गाडी उडाली. धुळीवर मागची दोन चाकं ओढणारी गाडी नवख्याच्या हातात गरकन फिरते. पोरगं दहा मिनिटांत कंटाळतं.

तामियाची टीटी-०२ घ्या. चारही चाकांना शाफ्टने ताकद, टबासारखा प्लास्टिकचा चेसिस, गिअर बंद डब्यात. धूळ आत जात नाही. माझी एक गाडी मी फक्त बेअरिंग बदलून इतकी वर्षं चालवतोय. आर्म तुटतात हे मान्य, मग मंडळाने वर्गणीतून दहा जोड्या आणून ठेवाव्यात. सगळ्यांची एकच गाडी असली तर एकाच डब्यातले स्पेअर सगळ्यांना चालतात. तुमच्या मुलाला सतरा दिवस थांबावं लागलं, कारण तो एकटा होता.

टूलरूमवाला, वाळूज

स्पेअरच्या डब्याचं पटलं. रेडिओचंही पटलं, मंडळाने चार रेडिओ ठेवावेत आणि पाळीपाळीने द्यावेत. उंचीचं म्हणाल तर मी १/१२ चं माप धरून बसलेलो नाही. रचना पॅन कारची, टायर ६० मिमीचे, पाटा आठ मिलिमीटर वर. वळणात थोडी डोलेल, डोलू द्या.

पण काका, "पोराने कुठून करायचं" याला माझं उत्तर आहे. डिफरन्शियलचंच बघा. आत-बाहेरचं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरायला हवं, नाहीतर गाडी वळतच नाही, सरळ पुढे ढकलली जाते. पॅन कारमध्ये त्यासाठी बॉल डिफ असतो. मोठ्या गिअरला गोलाकार भोकं, त्यात छर्रे, दोन्ही बाजूंनी दोन कडक चकत्या, आणि स्प्रिंगने आवळलेला नट. परदेशी डिफमध्ये हे छर्रे ⅛ इंची असतात. आपल्या सायकलच्या फ्रीव्हीलमध्येही ⅛ इंचीच! मी पैठण गेटच्या बाजूला एका सायकलवाल्याकडून मूठभर आणले, त्यातले बारा गिअरच्या भोकांत बसवले, उरलेले डबीत आहेत. चकत्यांना साधा वॉशर चालत नाही, तासाभरात त्यावर चरी पडतात. थ्रस्ट बेअरिंगच्या १ मिमी जाडीच्या कडक चकत्या घ्यायच्या, काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून गोल गोल घासायच्या, ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच. नट किती आवळायचा हे हाताने कळतं. एक चाक आणि गिअर घट्ट धरून दुसरं चाक फिरवायचं, ते जड पण न अडकता सरकलं की झालं.

एवढं काम एकदा केलेल्या पोराला डिफरन्शियल म्हणजे काय हे पुन्हा कधी विचारावं लागणार नाही. डबाबंद गिअरमधून ते कळत नाही.

थर्ड इयर मेकॅनिकल, विष्णुपुरी

दोघांच्याही मधलं बोलतो. पाटा कापायला टूलरूम लागत नाही, फ्लेक्स-बोर्डवाल्यांकडचं राउटर मशीन कापून देतं. बाकी हब, सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) बसवायचा माउंट, मोटर माउंट थ्रीडी प्रिंट करता येतात. ओपनआरसी एफ-१ नावाची पूर्ण छापायची गाडी फुकट उपलब्ध आहे, डॅनियल नोरे याने केलेली. मी पहिल्या सत्रात तीच छापली.

पण छपाईला पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक वापरू नका. मे महिन्यात गाडी स्कूटीच्या डिकीत ठेवून लेक्चरला गेलो. परत आलो तर मोटर माउंट पिनियनच्या बाजूला वाकलेलं, दात दातात बसेनात. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि आपल्याकडे उन्हातल्या डिकीत तेवढं सहज होतं. वर ५४० मोटर स्वतः तापते ती वेगळी. मोटर माउंट ॲल्युमिनियमच्या अँगलचंच करा, बाकीचं पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं.

वेगाचा हिशोब पण मांडला. साधी ५४० बिनलोड मिनिटाला साधारण १५,००० फेरे मारते. गिअर ७ ला १ धरला तर चाकाचे २,१४० च्या आसपास. ६० मिमी टायरचा घेर १८८ मिमी. ताशी २४ किलोमीटर, प्रत्यक्षात त्याहून कमी. शेडमध्ये पुष्कळ झालं. काका म्हणतात तशी गरकन फिरणारी गाडी ही बहुतेक वेळा जास्त मोटर लावलेली गाडी असते.

आणि एक, रेडिओचा सिग्नल अधूनमधून तुटतो म्हणणाऱ्यांनी मोटरच्या टोकांवर १०४ चे (०.१ मायक्रोफॅरडचे) तीन कपॅसिटर डाग देऊन लावलेत का ते आधी बघावं. दोन प्रत्येक टोकापासून बॉडीला, एक टोकांच्या मधे. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथेच दबतो.

विज्ञानाची बाई, परभणी

गाडी कोणती यावर मी बोलणार नाही. माझ्या वर्गातली मुलं-मुली यात येणार असतील तर बॅटरीचं आधी ठरवा. इतक्या चर्चेत त्यावर एक ओळ नाही, याचं मला वाईट वाटलं.

लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) मुलांच्या हातात देऊ नका. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो, आणि स्वस्त ब्रश्ड ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) व्होल्टेज उतरल्यावर मोटर बंद करणारं लिपोचं कट-ऑफ बहुतेकदा नसतंच. मूल गाडी थांबेपर्यंत पळवणार, फुगलेला सेल घरी नेऊन रात्री उशाशी चार्जिंगला लावणार. मी फुगलेला सेल हातात धरलेला आहे, म्हणून सांगते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३२७०० मापाचे सेल सोलर दिव्यांमुळे बाजारात मिळतात. ३.२ व्होल्टचे दोन, म्हणजे ६.४. जड आहेत, गाडी थोडी हळू जाईल, पण लिपोपेक्षा खूप शांत रसायन आहे. त्यांना त्यांचाच चार्जर, सेलमागे ३.६५ व्होल्टच्या वर नाही. आणि चार्जिंग घरी नाही, शेडमध्ये, मोठ्या माणसासमोर, वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत.

दुसरं, गाडी सहा हजारांत मागायचा तुमचा नियम मला अजिबात मान्य नाही. एखाद्या मुलीने पूर्ण पावसाळा बसून छर्रे बसवले, चकत्या घासल्या, आणि पहिली आल्याबद्दल कुणाच्या वडिलांनी सहा हजार टेकवून तिची गाडी उचलून न्यायची? ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनाच तुम्ही हत्यार देताय.

टूलरूमवाला, वाळूज

बॅटरीचं शंभर टक्के मान्य, ताई. चूक माझी. आम्ही मोठी माणसं लिपो वापरतो म्हणून लक्षातच आलं नाही.

नियमाच्या बाबतीत मात्र मी अजून ठाम आहे. तो नसेल तर तिसऱ्या रेसला कुणीतरी सिरॅमिक बेअरिंग आणि बाहेरून मागवलेले टायर लावून येईल, आणि तुमच्या त्याच मुलीला घरातून "आता बास" ऐकावं लागेल. हवं तर अठरा वर्षांखालच्यांची गाडी मागता येणार नाही असं करू.

विज्ञानाची बाई, परभणी

मग वडील मुलाच्या नावावर महागडी गाडी उतरवतील. त्यापेक्षा टायर आणि बेअरिंगही मोटरसारखे मंडळानेच वाटावेत.

गोदाकाठचा, नांदेड

टायर वाटायचे, मोटर वाटायची, बेअरिंग वाटायचे, रेडिओ मंडळाचा. मग उरलं काय घडवायला? फिरून माझ्याच एकसारख्या गाडीवर येऊन पोचलात तुम्ही.

मी मत बदललेलं नाही. पण टूलरूमवाल्या भावाने एवढं घासून-पुसून केलंय तर बघायला येतो. मी माझी टीटी-०२ आणतो, तुम्ही तुमचा पाटा आणा. दोन्हीत तीच साधी ५४०, तेच सेल. चालवायला आपल्यातलं कुणी नको, बाईंच्या शाळेतली चार मुलं घ्या, ज्यांनी आधी कधी रिमोट धरलेला नाही. प्रत्येकी वीस मिनिटं. काय तुटलं, ते जोडायला किती मिनिटं आणि किती रुपये लागले, हे वहीत लिहायचं. शेड झाडायचा नाही, आहे तसा ठेवायचा.

टूलरूमवाला, वाळूज

कबूल. झाडायचा नाही तर नाही. थर्ड इयर, पाट्याची ड्रॉइंग फाइल तेवढी आज रात्री इथे टाक. टी-पट्टीची भोकं ३ मिमीची ठेव.