जागतिकीकरणानंतर आपल्या गावांचे राहणीमान खरोखर सुधारले का?

प्रश्न
शिक्षक, राळेगाव तालुका (यवतमाळ)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चा असते आणि या वेळी विषय मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. 1991 नंतरच्या खुल्या आर्थिक धोरणाने गावातल्या माणसाचे राहणीमान कसे बदलले, हा तो विषय. तयारीला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो.

माझ्या आजोबांचे घर कुडाचे होते आणि पावसाळ्यात सारवलेली जमीन ओल धरायची. आज त्याच जागेवर स्लॅबचे घर आहे, दारात मोटारसायकल आहे, स्वयंपाकघरात गॅस आहे आणि घरात माणसे पाच असली तरी मोबाइल चार आहेत. या हिशेबाने आम्ही कितीतरी वर आलो. पण आमच्याच गल्लीतल्या दोन घरांतले कर्ते पुरुष गेल्या वीस वर्षांत कीटकनाशक पिऊन गेले आणि त्या दोन्ही घरांत टीव्ही होता, गॅसही होता. मग राहणीमान मोजायचे ते कशाने?

सरकारी आकडेही दोन दिशांना ओढतात. देशातल्या ग्रामीण कुटुंबाच्या मासिक खर्चात अन्नाचा वाटा 2011-12 मध्ये सुमारे 53 टक्के होता, तो 2023-24 मध्ये सुमारे 47 टक्के झाला. पोटापलीकडे खर्च करता येऊ लागला, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. उलट 2018-19 च्या राष्ट्रीय पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये निघाले आणि त्यात पिकांचे 3,798, तर मजुरीचे 4,063 रुपये होते. ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याचे घर शेतीपेक्षा मजुरीवर अधिक चालते, हे वाचून मी बराच वेळ पुढे सरकू शकलो नाही. आपापल्या भागातला अनुभव आणि जमल्यास हिशेब, दोन्ही सांगावे ही विनंती.

उत्तर 1
कास्तकार, हिंगणघाट (वर्धा)

सर, प्रश्न चांगला आहे, पण 1991 पासून सुरुवात करू नका. आपला कापूस त्याच्या कितीतरी आधी जगाच्या बाजाराला बांधला गेला. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले आणि 1861 ते 1865 च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. खामगाव आणि हिंगणघाटच्या बाजारपेठा त्या मागणीवर फुगल्या; पुढे यवतमाळची शकुंतला ही छोटी रेल्वेही कापूस वाहण्यासाठीच धावू लागली. म्हणजे परदेशी भावाचे वारे आम्हाला नवे नाही. नवे आहे ते मधली भिंत जाणे.

ती भिंत म्हणजे 1972 पासूनची एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे राज्यातला कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा. तिचे गुणगान मी करणार नाही. चुकारे महिनोन्महिने थकायचे, प्रत ठरवताना वाद व्हायचे आणि शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी कापूस तिकडे नेता येत नसे. पण पेरताना भावाचा अंदाज असायचा. 2002 नंतर खासगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली आणि त्याच वर्षी जनुक बदललेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. एकाच दमात भावही जगाचा झाला आणि बियाणेही बाजाराचे झाले.

वडिलांची लाल कापडी बांधणीची वही माझ्याजवळ आहे. नावे (खर्चाच्या) बाजूला सालदाराचे साल, मीठ, कापड, बैलाची झूल, लग्नाचा आहेर अशा नोंदी आहेत. बियाण्याची नोंद शोधावी लागते, कारण सरकी घरचीच असायची आणि ती शेणमातीत चोळून पेरली जायची. माझ्या वहीत नावे बाजूची पहिलीच ओळ बियाण्याची असते. बीटीचे पाकीट सुरुवातीला 1,600 रुपयांच्या वर होते. सरकारने कमाल किंमत बांधल्यावर ते खाली आले आणि 2025 च्या हंगामात 901 रुपये होते. त्याखाली खत, तणनाशक, फवारणी आणि शेवटी वेचणी. वेचणीचा दर किलोला दहा रुपये धरला तरी क्विंटलमागे हजार रुपये तिथेच जातात. मजूर बायांना तेवढे मिळालेच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही सगळी वाढ माझ्या वहीत उतरते आणि भाव मात्र माझ्या हातात नाही.

तो कुणाच्या हातात आहे तेही सांगतो. एक क्विंटल कापसातून साधारण 34-35 किलो रुई निघते आणि उरलेल्यात बहुतेक सरकी. जिनिंगवाला रुईचा भाव न्यूयॉर्कच्या वायदे बाजाराकडे बघून धरतो, सरकीचा भाव तेल आणि ढेपेच्या (तेल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याच्या) मागणीवर धरतो आणि त्यातून आपला खर्च वजा करून आमचा भाव काढतो. 2021-22 मध्ये तो दहा हजारांवर गेला, तेव्हा अनेकांनी घराचा स्लॅब टाकला. दोन हंगामांत तो सात हजारांच्या आसपास आला, पण स्लॅबसाठी काढलेले कर्ज तेवढेच राहिले. 19 ऑगस्ट 2025 रोजी केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि मग ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आमच्या पऱ्हाटीला तेव्हा पात्या-फुले लागत होती. बोंड धरण्याआधीच त्याच्या भावाचा निकाल लागला. कापडगिरण्यांना परदेशी मागणी टिकवायची होती, हे मला कळते. पण त्यांना सवलत देताना आमच्या घराचा विचार कोणत्या टेबलावर झाला?

अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देते. ब्राझीलने त्याविरुद्ध 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि जिंकली. 2014 मध्ये अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. खुल्या बाजारातही ज्याचे सरकार पाठीशी उभे राहते, त्याचे राहणीमान टिकते.

उत्तर 2
बचत गट कार्यकर्ती, मंगरूळपीर (वाशिम)

दादांचा हिशेब खरा आहे. तरी घरातल्या बाईच्या बाजूनेही कोणी लिहिले पाहिजे, म्हणून लिहिते.

माझी आई फाटलेल्या लुगड्याला दंड घालून ते आणखी दोन वर्षे नेसायची. पहाटे जात्यावर दळण, मग विहिरीचे पाणी, मग वावर आणि संध्याकाळी पऱ्हाट्यांच्या धुराने भरलेली चूल. तिचे डोळे त्यातच गेले. आज माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊन पुण्याला नोकरी करते आणि महिन्याच्या सात तारखेला तिचे पैसे मोबाइलवर येतात. त्यामुळे पूर्वीचे दिवस बरे होते असे कोणी म्हटले की मी लगेच विचारते, कोणाचे दिवस? एका क्विंटल कापसात एक तोळा सोने यायचे, हे आमच्याकडे प्रत्येक बैठकीत ऐकू येते. पण सोन्याचे माप लावले तर या देशात मास्तराचा पगारसुद्धा घसरलेलाच दिसेल. ते माप सोडून द्यावे.

आता जे बिघडले ते. आमच्या भागात ज्वारी गेली आणि सोयाबीन आले, कारण ते लवकर हाती येते आणि रोख पैसा देते. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा नाही म्हणून गुरे गेली, गुरे नाहीत म्हणून शेणखत गेले आणि मग रासायनिक खताचे पोते वाढत गेले. घरचे दूध संपले आणि चहाला पिशवीतले दूध आले. खर्चाच्या पाहणीत ही पिशवी राहणीमान वाढल्याची खूण म्हणून मोजली जात असेल, कारण पूर्वी दुधाला पैसे पडत नव्हते.

तेलाचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जवस आणि शेंगदाणा घाण्यावर नेऊन आम्ही तेल काढून आणायचो. आता पामतेलाची किंवा सोयाबीन तेलाची पिशवी येते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते, म्हणून सरकार आयात शुल्क कधी उतरवते, कधी चढवते. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के केले आणि मे 2025 च्या शेवटी ते 16.5 टक्क्यांवर आणले. शुल्क उतरले की माझ्या कढईतले तेल स्वस्त होते आणि माझ्याच वावरातल्या सोयाबीनला मार बसतो. शुल्क चढले तरी ढेपेला जगात उठाव नसेल तर सोयाबीन वर येत नाही. त्या 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजार समितीत चार हजारांच्या आसपास बोली लागत होती, म्हणजे तेल महागले होते आणि सोयाबीन पडलेले होते. शहरातले घर यात फक्त ग्राहक असते. आमचे घर तराजूच्या दोन्ही पारड्यांत उभे असते.

सर, तुमच्या चर्चेत वस्तूंची यादी जरूर करा, पण प्रत्येक वस्तूसमोर ती कोणत्या पैशाने आली ते लिहा. आमच्या गटातल्या बायांबरोबर मी हे करून पाहिले. फ्रीज आणि मोबाइल बहुतेक हप्त्यावर होते, कॉन्व्हेंटची फी सोयाबीन विकून भरलेली होती आणि दवाखान्याचा खर्च जवळजवळ प्रत्येक घरी उसनवारीचा होता. गटाच्या कर्जाचा हप्ता भरायला दुसऱ्या खासगी कंपनीचे कर्ज काढले, असे सांगताना एका बाईने पदर तोंडाला लावला. ती घरे बाहेरून पाहिली तर रंगवलेली आहेत.

उत्तर 3
संत्रा बागायतदार, वरूड (अमरावती)

थोडक्यात लिहितो. आमच्याकडे दार उघडल्याने नुकसान झाले नाही, दार लावल्याने झाले. नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश. तिकडे माल जात होता तेव्हा वरूड-मोर्शीत पक्की घरे झाली, मुले शिकायला नागपूर-पुण्याला गेली. मग त्यांनी आयात शुल्क वाढवत नेले आणि 2023 मध्ये ते किलोला 88 टका (त्यांचे चलन) झाले. तो माल देशातल्याच बाजारात उतरला आणि भाव कोसळले. संत्र्याचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे घेते; दुसऱ्या देशाने एका परिपत्रकाने दर बदलला म्हणून ते उपटून पुढच्या हंगामात दुसरे पीक घेता येत नाही. आणि संत्रा साठवताही येत नाही, ते कापसाचे किंवा सोयाबीनचे बरे आहे. जवळपास प्रक्रिया उद्योग पुरेसे असते तर तोच माल रसाला गेला असता. म्हणून जागतिकीकरण नको असे मी म्हणणार नाही. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून ठेवणारे जागतिकीकरण मला नको.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

तिघांचाही मनापासून आभारी आहे. ताईंची सूचना मी घेतली आहे आणि तिला एक जोड देतो. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने आमच्या तालुक्यातला कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. ते वर्ष सर्वांच्या लक्षात आहे. चर्चेच्या आधी मी घरोघरी जाऊन एकच विचारणार आहे: त्या वर्षी सर्वांत आधी काय विकले आणि ते परत घेता आले का? घरात वस्तू किती आहेत यापेक्षा, एक वाईट साल घराला कितपत सोसवते, हे त्यातून कळेल असे वाटते. दादा, आपल्याकडूनच सुरुवात करू का?

कास्तकार, हिंगणघाट

जरूर. बैलजोडी विकली. जानेवारीच्या बाजारात, चारा महाग होण्याआधी. परत घेतलेली नाही. तेव्हापासून नांगरणी आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, डवरणीसाठी शेजाऱ्याचे बैल मागावे लागतात आणि त्याची डवरणी उरकल्यावरच ते माझ्या वावरात येतात. गोठ्यात आता मोटारसायकल उभी असते. तुमच्या यादीत ती लिहाल, तेव्हा गोठ्याचीही नोंद करा.