तूट मोजायची तर आधी काटा तपासा

एकांनी लिहिलंय की डार्क मॅटर, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतो तो पदार्थ, शोधायला जमिनीखाली ठेवलेल्या द्रवरूप झेनॉनच्या टाक्यांत इतकी वर्षं काही सापडलं नाही, म्हणजे ही कल्पनाच सोडून द्यावी. मला हे पटत नाही. त्या टाक्या मुख्यतः जड कणांसाठी बांधल्यात. प्रोटॉनहून बराच हलका कण आदळला तर झेनॉनचं अणुकेंद्र जेमतेम हलतं, टाकीला पत्ताही लागत नाही.

म्हणून इलेक्ट्रॉनचा झोत. युरोपातल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या एनए६४ प्रयोगात १०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन शिसं आणि सिंटिलेटर (कण गेला की चमकणारा पदार्थ) यांच्या थरांत शिरतो. तिथं निम्म्याहून कमी ऊर्जा भरली आणि मागच्या शोधकांतही काही उमटलं नाही, तर उरलेली कुणी नेली? कदाचित डार्क फोटॉननं, म्हणजे आपला पदार्थ आणि डार्क मॅटर यांना जोडणाऱ्या एका कल्पित कणानं.

आमचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानी दिवाणजी होते. पोत्यात तूट आली की ते आधी काटा तपासत, मग शिवण बघत, मग फरशीवरची हळकुंडं झाडून गोळा करून पुन्हा तोलत. चोरीचं नाव सगळ्यात शेवटी. या प्रयोगातही खरी मेहनत तिथंच आहे: एखादा न्यूट्रॉन किंवा म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) गुपचूप निसटला नाही ना, याची खात्री करण्यात.

२०१६ ते २०२२ मध्ये सुमारे ९४ हजार कोटी इलेक्ट्रॉन तपासले, संकेत नाही. पण त्यामुळे हलक्या डार्क मॅटरच्या काही नेमक्या शक्यता प्रथमच बाद झाल्या. ही मला मोठी कमाई वाटते. अमेरिकेत स्लॅक या प्रयोगशाळेत आखलेला एलडीएमएक्स हा असाच प्रयोग तर ऊर्जेसोबत इलेक्ट्रॉनला बसलेला आडवा धक्काही मोजणार आहे.