उपहासात्मक मालिका रोजची असावी की मोजक्या भागांची?

तिसरी घंटा
दैनंदिन मालिकांवर उपहास करणारी मालिका करायची, तर ती रोजच दाखवली पाहिजे आणि तिच्यातली माणसं मनापासून रडली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातून एकदा केलेलं विडंबन ही नुसती नक्कल असते.

अमेरिकन निर्माते नॉर्मन लिअर यांची 'मेरी हार्टमन, मेरी हार्टमन' ही विडंबन मालिका आठवा. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या वाहिन्यांनी ती नाकारली, तेव्हा लिअर यांनी ती ठिकठिकाणच्या स्थानिक केंद्रांना विकली. जानेवारी १९७६ मध्ये ती सुरू झाली. आठवड्याला पाच भाग, दीड वर्षात एकूण ३२५. पहिल्याच भागात शेजारचं अख्खं कुटुंब, दोन बकऱ्या आणि आठ कोंबड्यांसकट मारलं जातं आणि नायिका मेरीला काळजी असते ती स्वयंपाकघराच्या फरशीवर चढलेल्या पिवळट मेणाच्या थराची. मागे हसण्याचा आवाज नाही. कुठे हसायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून आपण आधी गोंधळतो, मग हसतो आणि नंतर अस्वस्थ होतो. पहिल्या पर्वाच्या शेवटी टीव्हीवरच्या चर्चेच्या कार्यक्रमातच मेरी कोसळते. ते बघताना पोटात गोळा येतो, कारण तोवर आपण महिनोन्‌महिने रोज तिच्या घरात जाऊन आलेलो असतो. ही ओढ सहा भागांत तयार होणार नाही.

कात्री
असहमत. त्याच मालिकेचं पुढे काय झालं तेही सांगा. मेरीचं काम करणारी लुईस लासर १९७७ मध्ये बाहेर पडली. उरलेल्या पात्रांना घेऊन 'फॉरएव्हर फर्नवुड' नावाने गाडी रेटली, ती पुढच्याच वर्षी थांबली. रोजच्या भागांचा रेटा माणसांना पिळून काढतो.

याउलट ब्रिटिश विनोदी लेखिका व्हिक्टोरिया वुड यांचं 'एकॉर्न अँटिक्स' हे मालिकांचं विडंबन बघा. १९८५ ते १९८७ दरम्यान बीबीसीवर त्यांच्या विनोदी कार्यक्रमात ते काही मिनिटांच्या तुकड्यांत यायचं. हलणाऱ्या भिंती, चुकलेल्या एंट्र्या, संवाद विसरलेले नट, भलतीकडेच बघणारा कॅमेरा. यातली प्रत्येक चूक लिहिलेली आणि तालमीत घोटलेली होती. चूक नेमक्या क्षणी करायला बरोबर करण्यापेक्षा जास्त कसब लागतं, आणि रोजच्या धबडग्यात त्यासाठी वेळ कुठून आणणार?

तिसरी घंटा
'एकॉर्न अँटिक्स' मलाही मनापासून आवडतं. पण त्याचा रोख निर्मितीच्या गबाळेपणावर आहे. आजच्या मालिकांचे सेट हलत नाहीत, प्रकाशयोजनाही चकचकीत असते. दोष कथेत आहे: मेलेला परत येतो, जुळा भाऊ निघतो, स्मृती जाते आणि सोयीने परत येते. त्यावर बोट ठेवायचं तर कथाच सांगावी लागेल, आणि तीही लांबण लावून.

संवादापुरता
मालिकांसाठी संवाद लिहितो, म्हणून राहवत नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. मधे वाहिनीच्या सूचना येतात. हातात तयार भागांची बँक नसेल तर सीन सेटवर सकाळी पोचतो आणि दुपारी चित्रित होतो. साध्या रडारडीत हे खपून जातं, कारण भावना ठळक असते. उपहासात खपत नाही. पटकथेत जे मुद्दाम अतिरेकी लिहिलंय ते संवादलेखकाला खरंच वाटलं तर तो ते मऊ करतो. दिग्दर्शक नेहमीचे सगळ्यांचे रिअ‍ॅक्शन शॉट लावतो, संकलक त्यावर नेहमीचं ढॅणढॅण संगीत चढवतो. पडद्यावर येते ती सरळसरळ वाईट मालिका! सूर एकाच डोक्यातून आला पाहिजे. 'सोप' या अमेरिकन विडंबन मालिकेत ते काम लेखिका सुझन हॅरिस यांनी केलं. १९७७ ते १९८१, एबीसी वाहिनीवर, आठवड्याला एक भाग. बोटांनी चुटकी वाजवली की आपण अदृश्य होतो असं मानणारा बर्ट त्यात आहे आणि तरी त्याच्या घरातली दुःखं खरी वाटतात. मालिका संपली ती त्यातल्या जेसिका या मुख्य पात्रावर बंदुका रोखलेल्या असताना, गोळ्यांच्या आवाजावर. पुढचं पर्व आलंच नाही. ही ओढ आठवड्याच्या एका भागाने लावली होती, रोजच्या नाही.

नित्यप्रेक्षक
इतकी चर्चा झाली, पण हसायचं कुणावर हे कुणीच बोललं नाही. बहुतेक विडंबनांत मालिका बघणारी बाई मूर्ख असते. मला याचा राग येतो. मालिका बघणाऱ्यांना त्यातला अतिरेक कळतो. आम्ही बघता बघता त्यावर बोलतो, हसतो, पुढे काय होणार याच्या पैजा लावतो.

'जेन द व्हर्जिन' ही अमेरिकन मालिका (२०१४ ते २०१९, १०० भाग) मुळात व्हेनेझुएलाच्या मालिकेवरून केलेली. त्यात डॉक्टरच्या चुकीने झालेली गर्भधारणा आहे, जुळ्या बहिणी आहेत, आणि जेनचा बाप स्वतःच मालिकांमधला मिरवणारा नट आहे. आजी, आई आणि जेन एकत्र बसून त्याची मालिका बघतात, आणि कॅमेरा त्यांना एकदाही हिणवत नाही. असं लिहिता येत असेल तर रोज दाखवा नाहीतर वर्षातून एकदा, मी बघेन.

तिसरी घंटा
नित्यप्रेक्षक, पूर्ण सहमत. म्हणूनच मला रोजचा भाग हवा. रोज भेटणाऱ्या पात्राला लेखक फार काळ हिणवू शकत नाही, त्याला ते पात्र समजून घ्यावंच लागतं. संवादापुरता यांच्या अडचणीवर उपाय म्हणजे साठ भाग आधी पूर्ण लिहायचे, एकाच मुख्य लेखकाच्या नजरेखालून काढायचे आणि मग आठवड्याला पाच दाखवायचे.

कात्री
साठ भागांना शेवट आहे, म्हणजे अर्धी वाट तुम्ही माझ्याकडे आलात. पण शेवट आधीच ठरलेली कथा दैनंदिन मालिकेसारखी वागत नाही. प्रेक्षक कंटाळला तर तिला वळण बदलता येत नाही, नट सोडून गेला तर नवा चेहरा आणता येत नाही. आणि मालिकांमधलं सगळ्यात हास्यास्पद नेमकं तेच आहे. ते पकडायला मी अजूनही दहा मिनिटांचा तुकडाच निवडेन.

संवादापुरता
साठ भाग आधी लिहून घेणारी वाहिनी सापडली तर मला कळवा. मी त्यात एका नटाचा चेहरा मधेच बदलण्याचा ट्रॅक पहिल्या दिवसापासून लिहून ठेवेन.