प्रति: नवी मोटर, पण बोट प्लेनवर यायला वेळ लागतो

नवी मोटर बसवूनही बोट प्लेनवर यायला, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून धावायला, वेळ लागतो या प्रश्नावर वरच्या उत्तरांत सगळे थेट नवा प्रोपेलर घ्या म्हणताहेत. त्याआधी इंजिन बंद ठेवून कव्हर काढा, लिव्हर पूर्ण पुढे ढकला आणि थ्रॉटल शेवटच्या स्टॉपला टेकतो का बघा. लिव्हर मोटरला केबलने जोडलेला असेल तर नव्या बसवणीत हे हमखास राहून जातं.

ते ठीक असेल तर नेहमीचं वजन, भरलेली टाकी आणि योग्य ट्रिम (मोटरचा बोटीशी असलेला कोन) ठेवून फुल थ्रॉटलला आरपीएम (मिनिटाला फेरे) किती जातो ते नोंदवा. मॅन्युअलमधली मर्यादा समजा ५००० ते ६००० असेल आणि तुमचा आकडा ४८०० वर अडकत असेल, तर प्रोपेलरचा पिच (एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितकं पुढे सरकतो ते अंतर) जास्त आहे. १ इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतो. जुन्या मोटरवर चालणारा प्रोपेलर नव्यावर चालेलच असं नाही, कारण गिअर रेशो (इंजिनच्या किती फेऱ्यांना प्रोपेलर एकदा फिरतो) वेगळा असू शकतो.

प्रोपेलरच्या हबवर (मधल्या नळकांड्यावर) व्हेंट होल, म्हणजे एक्झॉस्ट सोडणारी भोकं, असतील तर त्यांचे प्लग बदलून बघा. भोकातून एक्झॉस्ट पात्यांवर येतो, सुरुवातीला पकड सैल होते आणि इंजिन लवकर आरपीएम पकडतं. भोक फार मोठं झालं तर मात्र प्रोपेलर नुसताच फिरतो, बोट जागची हलत नाही. चार पात्यांचा प्रोपेलर बोटीचा मागचा भाग उचलतो, पण टॉप स्पीड थोडा खातो. मला हा सौदा परवडणारा वाटतो.

निघताना ट्रिम पूर्ण आत, म्हणजे मोटर बोटीकडे पूर्ण वळवलेली. नवी मोटर जड असेल तर मागच्या बॅटऱ्यांपैकी एखादी पुढे हलवा.